तानापिहिनिपाजामधला शेवटचा 'जा': घरी जोडलेला जांभळा लेझर इतका मिणमिणता का?

सोल्डरभाऊ
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं रोमात (नुसताच वाचत) होतो. पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

गेल्या महिन्यात ४०५ नॅनोमीटरच्या जांभळ्या लेझरचं किट मागवलं. पाकिटातून निघालेला ऐवज असा: ५.६ मिमीचा डायोड, १२ मिमी जाडीची पितळी नळी, तिच्यात आट्यांवर फिरणारं ऍक्रेलिकचं भिंग, एलएम ३१७ (करंट आवरणारी चिप), १२ ओहमचा रेझिस्टर, ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, एक १एन४००१ (साधा डायोड) आणि बोटभर पीसीबी, म्हणजे सर्किटची पट्टी. माहितीचा कागदही होता, पण सगळा चिनी. शेवटी आकृती बघूनच जोडणी केली.

रविवारी दुपारी सगळे झोपल्यावर बसलो. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेले दोन १८६५० सेल लावले, बटण दाबलं आणि भिंतीवर ठिपका उमटला! मी ओरडलो, तर आतून आवाज आला, "दूध उतू गेलं का?"

आनंद दोन मिनिटं टिकला. ठिपका अगदीच मिणमिणता. कडा धूसर, भिंग कितीही फिरवलं तरी टोक येत नाही. मुलाच्या किल्लीच्या जुडग्याला लटकणारा लाल लेझर शेजारी मारून बघितला, तर तोच जास्त झगझगीत. त्याच्यावर '५ मिलिवॉटपेक्षा कमी' लिहिलंय, आणि माझ्या किटवर १००.

मला गंडवलंय का? की १२ ओहम काढून ८.२ लावू? हिशेबाने १०४ मिलिअँपिअरचे १५२ होतील. सोल्डरिंग आयर्न गरम करून ठेवलंय, लवकर सांगा.

तिरकस_तात्या
आयर्न बंद करा आणि आधी दूध बघा.

मिरजमळा
८.२ अजिबात लावू नका. डायोड जाईल, आणि जाताना तुम्हाला सांगणारही नाही. एक क्षण नेहमीपेक्षा उजळ दिसेल, मग साध्या एलईडीसारखा फिकट पसरट उजेड देत राहील. लेझर म्हणून त्याचा कारभार आटोपलेला असेल. आतल्या स्फटिकाचं आरशासारखं टोक जळतं, ते परत मिळत नाही. माझ्याकडे असे चार जण डबीत आहेत. मुलगी त्यांना 'बाबांचे हुतात्मे' म्हणते.

हिशेब मात्र बरोबर केलात. एलएम ३१७ आपल्या दोन पायांमध्ये १.२५ व्होल्ट धरून ठेवतो, म्हणून १.२५ भागिले १२, म्हणजे १०४ मिलिअँपिअर. पण हे तेव्हाच, जेव्हा त्याला वरून पुरेसे व्होल्ट मिळतात. मला वेगळीच शंका आहे. सेल किती व्होल्टचे भरतात ते मोजा आणि इथे लिहा. संध्याकाळी सविस्तर लिहितो, आत्ता ऑफिसात आहे.

गॅलियम_गोट्या
मी बारावीत आहे. मलाही बनवायचाय. हवेत शलाका दिसते का? म्हणजे तलवारीसारखी?

तिरकस_तात्या
गोट्या, बारावीत आहेस ना? मग आधी मार्कांची शलाका दिसू दे.

शेवंती०५
सोल्डरभाऊ, गंडवलं असेल-नसेल, पण ठिपका मंद दिसतोय यावरून ते ठरवता येणार नाही. ४०५ हा आपल्या नजरेचा जवळजवळ काठ आहे. डोळा सगळ्यात संवेदनशील ५५५ नॅनोमीटरला, म्हणजे पोपटी हिरव्याला. तिथे संवेदना १ धरली, तर ६५० च्या लालला साधारण ०.१०७ येते आणि ४०५ ला ०.०००६४. म्हणजे तितक्याच मिलिवॉटचा लाल ठिपका जांभळ्यापेक्षा सुमारे १६७ पट उजळ दिसेल. तुमचा १०० मिलिवॉटचा जांभळा डोळ्याला ०.६ मिलिवॉटच्या लालसारखा वाटणार.

डोळा हा इथे मीटर म्हणून कुचकामी आहे. दिसतो मंद, पण डोळ्याच्या आतल्या पडद्यावर ऊर्जा पडायची तेवढी पडतेच.

प्रतिरोधक
ताई, आकडे तपासा. ते १९२४ च्या प्रमाण तक्त्यातले आहेत आणि तो तक्ता निळ्या-जांभळ्या टोकाला डोळ्यावर अन्याय करतो हे पुढे लक्षात आलं. १९५१ मध्ये जड यांनी आणि १९७८ मध्ये व्होस यांनी दुरुस्ती केली. दुरुस्त तक्त्यात ४०५ ला ०.००४७ च्या आसपास येतं. म्हणजे फरक १६७ पट नाही, तेवीसेक पट.

शेवंती०५
मान्य. हाताशी होता तो जुना तक्ता बघून लिहिलं. दुरुस्तीबद्दल आभार.

पण या दुरुस्तीने गंमतच झाली बघा. तेवीसने भागलं तर १०० मिलिवॉट जांभळा म्हणजे दिसायला ४.३ मिलिवॉट लाल. जुडग्याचा लाल ५ च्या आतला. म्हणजे दोन्ही साधारण सारखे दिसायला हवेत. सोल्डरभाऊंचा बराच मंद दिसतोय, म्हणजे डोळ्याच्या दोषाबरोबर आणखी काहीतरी आहे. मिरजमळांची सेलची शंका मला पटते.

रोमातला
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. वाखु (वाचनखूण) साठवली.

डोळेवाला_डॉक्टर
मी डोळ्यांचा डॉक्टर आहे. इलेक्ट्रॉनिक्स शून्य कळतं, म्हणून माझ्या हद्दीतलंच लिहितो.

पहिलं, धूसर कडा. यात भिंगाचा दोष नसेलही. जांभळा प्रकाश डोळ्यात जास्त वाकतो आणि पडद्याच्या अलीकडेच एकवटतो. म्हणजे जांभळ्यापुरते आपण सगळेच ऱ्हस्वदृष्टी असतो. लांबच्या भिंतीवरचा जांभळा ठिपका चांगल्या डोळ्यालाही धूसरच दिसतो. पण म्हणून जवळ जाऊन, डोळे ताणून बघत बसू नका. मोबाइलने फोटो काढा आणि तो मोठा करून बघा.

दुसरं, वय. डोळ्यातलं भिंग वयाबरोबर पिवळट होत जातं आणि जांभळा रंग वाटेतच अडवतं. तुमच्या मुलाला तुमच्यापेक्षा उजळ दिसेल.

तिसरं महत्त्वाचं. डोळा समांतर येणारा प्रकाश पडद्यावर एका बिंदूत गोळा करतो. बाहुलीवर पडणाऱ्या तीव्रतेच्या साधारण लाखपट तीव्रता त्या बिंदूवर होते. एक मिलिवॉटपर्यंतचे लेझर त्यातल्या त्यात बरे मानतात, कारण झगमगाटाने पाव सेकंदात पापणी मिटते. १०० मिलिवॉटला ते गणित चालत नाही. आणि जांभळा तर मंद दिसतो, मग पापणी मिटणार कशाला? पडद्याला वेदना कळत नाही. 'दुखलं नाही म्हणजे लागलं नाही' हे लेझरच्या बाबतीत खोटं आहे.

चष्म्याचा उल्लेख तुमच्या पोस्टमध्ये कुठेच नाही. घातला होता का?

सोल्डरभाऊ
डॉक्टरसाहेब, गॉगल घातला होता. साधा. गोव्याला घेतलेला.

तिरकस_तात्या
गोव्याच्या गॉगलने फक्त गोव्यातलं ऊन अडतं. तेही पूर्ण नाही.

डोळेवाला_डॉक्टर
तो काढून ठेवा, प्लीज. काळ्या काचेआड बाहुली मोठी होते. काच ४०५ अडवत नसेल तर उलट जास्त प्रकाश आत जातो.

कोल्हापुरी_तांबडा
एवढं काय घाबरवताय राव. आम्ही लहानपणी वेल्डिंग उघड्या डोळ्यांनी बघितलंय, रात्री बटाट्याचे काप ठेवून झोपलो, सकाळी ठणठणीत. छंद आहे, करू दे की त्याला.

डोळेवाला_डॉक्टर
वेल्डिंगने डोळ्याच्या बाहेरचा थर सोलवटतो. तो थर परत येतो, म्हणून सकाळी ठणठणीत. पडदा परत येत नाही. बटाट्याचं श्रेय बटाट्याला देऊ नका.

२०२३ च्या विसर्जन मिरवणुकांनंतर लेझर डोळ्यात गेल्याच्या किती बातम्या आल्या ते तुम्हाला आठवत असेल. पडद्यावर रक्तस्राव, तोही पंचवीस-तिशीच्या आतल्या पोरांना. पुणे पोलिसांनी २०२४ च्या गणेशोत्सवात लेझर बीमवर बंदी घातली ती याच पार्श्वभूमीवर. तिथे निदान शलाका फिरती असते. हातातला लेझर तर तुम्ही मांडी घालून निवांत बघत बसणार.

कोल्हापुरी_तांबडा
मिरवणुकीचं खरं आहे. आमच्या चौकात एकाच्या मोबाइलचा कॅमेरा गेला. स्क्रीनवर कायमची रेघ. आपल्या डोळ्यात काय झालं असेल हे तेव्हा डोक्यात आलं नाही.
बटाटा मागे घेतो.

ढोलताशा९९
डीजेवाल्यांना काही बोलायचं नाही, पोलीस मात्र आमच्या पथकाच्या

ढोलताशा९९
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे). विषयांतर होत होतं.

न्यूजर्सीचा_नाना
इथे अमेरिकेत 'पॉइंटर' म्हणून विकायचा तर ५ मिलिवॉटची मर्यादा आहे. त्यावरच्या, म्हणजे ५ ते ५०० मिलिवॉटच्या वर्गातल्या तयार यंत्राला किल्लीचं कुलूप, चालू असल्याचा दिवा, शलाका झाकायची सोय असं सगळं लागतं. सुटे भाग विकले की विकणाऱ्याच्या मागची ही कटकट बरीच कमी होते. म्हणून बाजारात 'किट' एवढी. ग्राहकाला छंद, दुकानदाराला पळवाट. ते कुलूप आणि तो दिवा या छंदवाल्यांनी स्वतःहून लावावेत असं माझं मत. मी लावले आहेत.

माझी सुरुवात २००८ ची. ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडीची मारामारी चालू होती. दोन्हीत ४०५ चाच डायोड. डीव्हीडीचा ६५० चा लाल प्रकाश एवढा बारीक ठिपका पाडू शकत नाही. तरंगलांबी कमी आणि भिंग जास्त रुंद तोंडाचं, त्यामुळे ४.७ जीबीच्या जागी एका थरात २५ जीबी मावले. १९ फेब्रुवारी २००८ ला तोशिबाने एचडी डीव्हीडीतून अंग काढून घेतलं आणि एक्सबॉक्स ३६० ला जोडायचे एचडी डीव्हीडी ड्राइव्ह मातीमोल झाले. जगभरचे हौशी त्यावर तुटून पडले. आतल्या भागाचा नंबर पीएचआर-८०३टी. इतकी वर्षं झाली, पण स्वतःचा फोन नंबर विसरीन, हा नाही. बायको म्हणाली, "सिनेमे बघायचं यंत्र आणलंस आणि पहिल्याच दिवशी फोडलंस?"

तपकीरगल्ली
नाना, नॉस्टॅल्जिया! पुण्यात आम्हाला ते ड्राइव्ह कधी मिळाले नाहीत. आम्ही तपकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, 'जांभळा लेझर आहे का' विचारलं, की पुढे लाल यायचा आणि वर "जिलेटिनचा कागद लावा की साहेब" हा सल्ला.

शेवंती०५
जिलेटिन लावून जांभळा! त्या दुकानदाराला नोबेल द्या.

प्रतिरोधक
नोबेलवरून आठवलं. या जांभळ्या डायोडमागे गॅलियम नायट्राइड आहे, आणि त्याचा इतिहास वाचण्यासारखा आहे. बहुतेकांनी हा पदार्थ 'जमत नाही' म्हणून सोडून दिला होता. जपानात अकासाकी आणि अमानो यांनी चिकाटी सोडली नाही. शुजी नाकामुरा हे तोकुशिमातल्या निचिया या तेव्हाच्या छोट्या कंपनीत याच कामाला लागले. १९९३ मध्ये उजळ निळा एलईडी आला आणि दोन-तीन वर्षांत जांभळा लेझर डायोड. २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल निळ्या एलईडीसाठी या तिघांना मिळालं.

या शोधाच्या पेटंटबद्दल कंपनीने नाकामुरांना दिलेलं बक्षीस होतं २०,००० येन. पुढे ते कोर्टात गेले. २००४ मध्ये कोर्टाने २,००० कोटी येन द्या म्हणून सांगितलं आणि अपिलात २००५ साली सुमारे ८४ कोटी येनवर तडजोड झाली.

मिरजमळा
२०,००० येन तरी मिळाले. आमच्या कंपनीत एका पोराने वर्षाचे काही लाख वाचवणारी जिग बनवली. त्याला दिवाळीत सोनपापडी. बाकीच्यांनाही सोनपापडीच. फरक एवढाच की त्याला साहेबांनी स्वतःच्या हाताने दिली.

तिरकस_तात्या
आणि ती सोनपापडी गेल्या वर्षी साहेबांनाच कोणीतरी दिलेली.

गॅलियम_गोट्या
काका-मावशी, माझा प्रश्न राहिला. शलाका दिसते का?

शेवंती०५
हवेतून विखुरणारा प्रकाश तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. ६५० भागिले ४०५, त्याचा चौथा घात, साधारण ६.६. म्हणजे जांभळा लालपेक्षा साडेसहा पट जास्त विखुरतो. पण डोळा तेवीस पट मागे. वजाबाकी कर. (भागाकार खरं तर.) अंधाऱ्या खोलीत धूप लावला तर फिकट रेघ दिसते. तलवार विसर. आकाशदर्शनाला तारे दाखवायला हिरवा ५३२ वापरतात तो यामुळेच. आणि तिथेही विमानाकडे करायचा नाही, कधीच नाही.

गॅलियम_गोट्या
मग या जांभळ्याचा उपयोग काय?

कोकणी_काजू
चमकवायला! खरी मजा ठिपक्यात नाही, ठिपका ज्यावर पडतो त्यात आहे. टिनोपाल घातलेला पांढरा शर्ट निळसर पेटतो. स्पिरिटमध्ये चिमूटभर हळद ढवळा, पोपटी उजेड. पालकाचा अर्क स्पिरिटमध्ये काढा, बाटली हिरवी आणि आतली रेघ रक्तासारखी लाल. क्लोरोफिलची ती करामत मी भाचरांना दाखवली तेव्हा धाकटीने विचारलं, "पालकाच्या आत बीट असतं का?" टॉनिक वॉटरमधलं क्विनीन निळं चमकतं. मध पिवळट-हिरवा. नोटेवरचा क्रमांक आणि कागदातले बारीक धागे चमकतात.

पण हे सगळं ३९५ च्या साध्या एलईडी टॉर्चनेही दिसतं. पावसाळ्याआधी लाकडं हलवताना मी तोच टॉर्च मारतो. विंचू असला तर निळा-हिरवा चमकतो, लपून राहत नाही. देवघरामागे एकदा तीन सापडले. गोट्या, तू टॉर्च घे. निम्मी मजा, आणि डोळ्यांच्या डॉक्टरची गरज नाही. डोळ्यात मात्र तोही मारू नको.

तिरकस_तात्या
नोटेत धागे, धाग्यात नोटा. या धाग्यावर अजून कोणी पैसे कसे मागितले नाहीत?

रेझिनवाली
उपयोगात आणखी एक: रेझिनचे थ्रीडी प्रिंटर. ते रेझिन ४०५ लाच कडक होतं. माझ्या ओळखीत एकाने अशाच डायोडने घरी पीसीबीची फोटोफिल्म रेघारेघांनी उजळवून सर्किट उतरवलं. आठ महिने लागले. तोच बोर्ड बाहेर टाकला असता तर आठवड्यात आला असता, पण त्याला ते सांगायचं नसतं.

अक्षरशत्रू
एक अवांतर शंका. शाळेत तानापिहिनिपाजा घोकलं. तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. आयुष्यात मला पारवा कधी दिसला नाही. छपरावर दिसतो तेवढाच. आणि हा लेझरचा जांभळा म्हणजे जांभळाच्या फळाचा जांभळा आहे का?

शेवंती०५
छान प्रश्न. नाही. फळाच्या सालीवरून येणाऱ्या उजेडात तांबडा आणि निळा दोन्ही मिसळलेले असतात. लेझरचा जांभळा शुद्ध, एकाच तरंगलांबीचा, इंद्रधनुष्याच्या आतल्या कडेचा. मोबाइलचा कॅमेरा तर त्याला बऱ्याचदा निळाच करून टाकतो, म्हणून या लेझरचे फोटो बघून विकत घेतलेले लोक घरी आल्यावर म्हणतात 'रंग वेगळाच आहे'. पारव्याबद्दल मीही साशंक आहे.

मिरजमळा
आलो. आता कामाचं.

जांभळ्या डायोडला चालायला साधारण पावणेपाच व्होल्ट लागतात. लाल डायोड जेमतेम अडीचात चालतो, म्हणून लालच्या आकृत्या बघून जांभळा बनवणारे फसतात. त्यावर एलएम ३१७ चे स्वतःचे १.२५, आणि त्याला काम करायला आणखी पावणेदोन. बेरीज पावणेआठ. दोन सेल पूर्ण भरलेले असतील तर ८.४ मिळतात, चालतं. पण जुन्या लॅपटॉपचे सेल ३.६ वर आलेले असतील तर ७.२. मग एलएम ३१७ मान टाकतो आणि रेझिस्टर कितीही ओहमचा असू दे, करंट पडतो. तुम्ही ८.२ लावला असता तरी आज फारसा फरक दिसला नसता. आणि नंतर ज्या दिवशी सेल चार्ज करून लावले असते, त्या दिवशी १५२ मिलिअँपिअर धाडकन आले असते. हुतात्मा नंबर पाच.

डायोड लावून मोजू नका. खोटा डायोड बनवा. सहा १एन४००१ एकापुढे एक, सगळे एकाच दिशेने, आणि शेवटी १ ओहमचा रेझिस्टर. लेझरच्या जागी ही माळ लावा आणि १ ओहमवर मिलिव्होल्ट मोजा. जेवढे मिलिव्होल्ट तेवढेच मिलिअँपिअर.

आणि हे ठळक करून वाचा: माळ काढून खरा डायोड लावण्याआधी कपॅसिटरची दोन टोकं शॉर्ट करून तो रिकामा करा. चालू सर्किटमधून माळ सुटली की कपॅसिटर जवळजवळ बॅटरीएवढा भरतो आणि सेल काढले तरी भरलेला राहतो. डायोड टेकवला रे टेकवला की सगळं त्याच्यात ओतलं जातं. माझ्या चारपैकी तीन असेच गेले.

डोंबिवलीकाका
मिरजमळांशी शब्दशः सहमत. त्यात एवढंच घालतो: हात लावण्याआधी नळाला किंवा अर्थिंगला स्पर्श करा, टेरिकॉटचा शर्ट घालून बसू नका. हिवाळ्यात स्वेटर काढताना जी चटचट होते, तेवढ्यानेही हे डायोड मरतात. मी रेल्वेच्या सिग्नल विभागातून निवृत्त झालो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून जांभळा मला पूर्वीपेक्षा चक्क उजळ दिसतो, डॉक्टरांनी सांगितलं तेच कारण असावं.

चष्म्याबद्दल: ४०५ साठीचा नारिंगी किंवा लाल काचेचा, आणि त्यावर तरंगलांबी व ओडी आकडा छापलेला असावा. ओडी ४ म्हणजे दहा हजारावा भाग आत. चष्मा घालूनही कागदावर फिकट ठिपका दिसला तर लगेच 'चष्मा बोगस' म्हणू नका. तो कागदाने उलट टाकलेला निळसर उजेडही असू शकतो. आणि दिसला नाही म्हणून अस्सलही समजू नका.

सोल्डरभाऊ
सगळ्यांचे आभार. माळ बनवली. मिलिव्होल्ट आले ७१!!
सेल मोजले, दोन्ही मिळून ७.२५. मिरजमळा, तुम्ही ज्योतिषी आहात. सेल रात्रभर चार्ज केले, सकाळी परत मोजलं: १०३. विकणाऱ्याला मनातल्या मनात घातलेल्या शिव्या परत घेतो. संध्याकाळी डायोड लावून सांगतो.

मिरजमळा
चष्मा आल्यावर लावा. आणि कपॅसिटर!

डोळेवाला_डॉक्टर
चष्मा. आणि मुलाच्या जुडग्याचा तो लाल लेझरही काढून घ्या. तो खेळणं नाही, आणि '५ पेक्षा कमी' हे लेबल कोणी तपासलेलं असतंच असं नाही.

तिरकस_तात्या
संध्याकाळ होऊन गेली. सोल्डरभाऊ?

तिरकस_तात्या
दूध?

सोल्डरभाऊ
गेला.

मिरजमळांचा सविस्तर प्रतिसाद मी मोबाइलवर वाचला होता, माळेपर्यंत. त्याखालची ठळक ओळ आत्ता वाचली. चालू सर्किटमधूनच माळ सोडवली आणि मग सेल काढले, त्यामुळे वाटलं आता सगळं थंड आहे. डायोडचे पाय टेकवले, बारीक चमक आली. मला वाटलं सोल्डरवर उजेड पडला असेल. सेल घालून बटण दाबलं, तर आता भिंतीवर हाताच्या पंजाएवढा फिकट जांभळा डाग. ठिपका नाहीच. भिंग काढलं तरी तेच.

बायकोने विचारलं "झालं का?" म्हटलं, "झालं."

मिरजमळा
भावपूर्ण श्रद्धांजली. डबीत जागा आहे, पाठवून द्या.

कोल्हापुरी_तांबडा
दहावा इथेच घालूया. मी रस्सा आणतो.

शेवंती०५
वाईट वाटलं. पण मूळ प्रश्नाचं उत्तर मिळालं ना? किट ठीक होतं, डोळा आणि सेल मिळून फसवत होते.

गॅलियम_गोट्या
मी टॉर्च मागवला.

डोंबिवलीकाका
सोल्डरभाऊ, माझ्याकडे बंद पडलेला ब्लू-रे रायटर आहे. नुसता वाचणारा नाही, लिहिणारा, त्यामुळे आतला डायोड दमदार असतो. मोटर गेलीय, डायोड शाबूत असावा. तो ३.८ मिमीचा आहे, तुमच्या ५.६ च्या नळीत सैल बसेल, पण माझ्याकडे लेथवर काढलेली पितळी रिंग आहे, तीही देतो. पैसे नकोत. अट एकच. चष्मा हातात आला की त्याच्यावर छापलेल्या आकड्यांचा फोटो आधी इथे टाका.

सोल्डरभाऊ
काका, काय बोलू! चष्मा कालच मागवला, डायोडच्या तिप्पट किंमत पडली. आला की फोटो टाकतो. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

डोंबिवलीकाका
मिळाला. पाकिटात डायोडच्या पायांवर एक बारीक तांब्याची तार सोल्डर केलेली दिसेल. चुकून राहिलीय असं समजून काढू नका. ती मुद्दाम पाय शॉर्ट ठेवायला आहे. सगळं जोडून झाल्यावर, कपॅसिटर रिकामा केल्यावर, सगळ्यात शेवटी ती तार काढायची. हा प्रतिसाद शेवटपर्यंत वाचलात का ते कळावं म्हणून विचारतो: तार कोणत्या धातूची आहे?

सोल्डरभाऊ
तांब्याची.